गांवोगांवचीं महिला मंडळें : त्यांची पेटी आणि त्यांची सभासद-वही

पुरुषांच्या बैठकींत बायकांच्या बचत गटाची गोष्ट निघाली म्हणजे बहुधा दोन प्रकारचे उद्गार ऐकूं येतात. कोणी म्हणतो, बायकांनीं चहापाण्याला जमण्याचें एक निमित्त काढलें आहे, दुसरें कांहीं नाहीं. कोणी त्याच्या उलट, गटामुळें गांवाचा कायापालट झाला, सावकाराचें दुकान उठलें, असें वर्णन करतो. या दोघांपैकीं एकानेंही गटाची वही उघडून पाहिलेली नसते, हें चार प्रश्न विचारतांच उघड होतें. ज्या घरची गृहिणी दरमहा शंभर-दोनशें रुपये गटांत भरते, त्या घरच्या कारभाऱ्यास ती वही आपल्या सोसायटीच्या खातेउताऱ्याइतकी ओळखीची असावी. ओळखीची असावी, हातांतली नसावी. हा भेद पुढें स्पष्ट करीन.

मी महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला मनुष्य आहें. विद्वत्तेचा आव आणण्याइतकें शिक्षण नाहीं. परंतु दुसऱ्यांनीं लिहिलेले हिशेब तपासण्यांत आयुष्य गेलें. आतां आसपासच्या गांवच्या बायका "भाऊसाहेब, एवढा मेळ बसतो का पाहा" म्हणून वह्या घेऊन येतात. त्यावरून माझें मत असें बनलें आहे कीं, हीं मंडळें चोरीनें फारशीं बुडत नाहींत. हातांत शिल्लक किती हें बैठकींत मोठ्यानें वाचलें जात नाहीं, आणि सभासद कोण व केव्हांपासून हें कोठेंच धड लिहिलेलें नसतें, या दोन कारणांनीं तीं मोडतात. चोरीचा संशय मागाहून येतो, आणि पुष्कळदां तो निष्कारण असतो. पण एकदां आला म्हणजे मंडळ टिकत नाहीं.

प्रथम नांवांचा घोटाळा दूर करूं. आपल्याकडे तीन निरनिराळ्या वस्तूंस लोक एकच "महिला मंडळ" म्हणतात. पहिली भिशी. तींत ठराविक बायका ठराविक रक्कम घालतात, चिठ्ठी निघेल तिला ती सारी मिळते, आणि सर्वांची पाळी झाली कीं व्यवहार संपतो. तेथें वही थोडी लागते, भरवसा फार. दुसरें खरें महिला मंडळ, म्हणजे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालीं व १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीं नोंदलेली संस्था. बालवाडी, शिवणवर्ग, हळदीकुंकू, वाचनालय अशीं कामें ती करते. तिसरा बचत गट. राष्ट्रीय कृषि व ग्रामीण विकास बँकेनें, म्हणजे आपल्या नाबार्डनें, १९९२ सालीं पांचशें गट बँकांशीं जोडण्याचा प्रयोग आरंभिला, त्याचा हा आतांचा विस्तार. आपल्या राज्यांत १९७५ सालीं स्थापन झालेलें महिला आर्थिक विकास महामंडळ व २०११ पासूनचें "उमेद" अभियान यांच्या सहयोगिनी आणि प्रेरिका हे गट उभे करीत आल्या आहेत. या लेखांत मुख्य विचार बचत गटाचा आहे. नोंदलेल्या मंडळाविषयीं शेवटीं थोडें लिहीन, कारण त्यांचें दुखणें निराळें आहे.

शेतकऱ्यांच्या बायकांनीं स्वतःचें मंडळ काढावें ही कल्पना कांहीं आपल्याच देशांत उपजलेली नाहीं. कॅनडांत ऑन्टॅरियो प्रांतीं स्टोनी क्रीक गांवीं १८९७ च्या फेब्रुवारींत पहिली "विमेन्स इन्स्टिट्यूट" निघाली. तेथें पुरुष शेतकऱ्यांची संस्था आधींपासून होती. ॲडलेड हूडलेस नांवाच्या बाईनें त्या संस्थेच्या सभेंत विचारलें कीं, गुरांच्या जोपासनेसाठीं तुमची संस्था आहे, तर घर आणि मुलें ज्यांच्या हातीं त्यांच्यासाठीं कां नसावी? त्या सभेचा एक शेतकरी, अर्लंड ली, याच्या घरच्या जेवणाच्या मेजावर नव्या संस्थेची घटना लिहिली गेली. मला या हकीगतींत महत्त्वाचें वाटतें तें इतकेंच, कीं त्या बायकांनीं काम वाढण्यापूर्वीं नियम कागदावर घातले. आपल्याकडे नियम पहिलें भांडण झाल्यावर आठवतात.

आतां पैशाकडे वळूं. बचत गटाला जी पंचसूत्री शिकविली जाते ती अशी : नियमित बैठक, नियमित बचत, आपसांत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित हिशेबलेखन. पांचवें सूत्र शेवटीं सांगितलें जातें म्हणून तें हलकें मानण्याची चाल पडली आहे. मी तें पहिलें धरीन. बँक तरी गटाला कर्ज देण्यापूर्वीं सहा महिन्यांचें चलनवलन पाहते, आणि पाहते म्हणजे काय, तर वह्याच पाहते.

आमच्या खात्यांत अँडरसनसाहेबांच्या महसुली हिशेबाच्या पुस्तकावर पिढ्या पोसल्या. त्यांतील एक गोष्ट प्रत्येक गटानें उचलण्याजोगी आहे. शेतसारा वसूल झाला कीं गांव नमुना ९ ची पावती फाडावयाची, तिची स्थळप्रत पुस्तकांतच राहावयाची. खातेदाराच्या नांवावर तीच रक्कम नमुना ८-ब मध्यें चढावयाची. आणि पैसा नमुना १० च्या चलनानें सरकारांत भरावयाचा. एकच रुपया तीन ठिकाणीं दिसतो. यांत अविश्वास नाहीं. तिन्ही ठिकाणीं तो सारखाच दिसला म्हणजे वसूल करणाऱ्या माणसाला रात्रीं झोप लागते, हा त्याचा खरा उपयोग. गटांतही असेंच असावें. बाईनें पैसे दिले तेथेंच तिच्या पासबुकांत नोंद व्हावी, रोजकिर्दींत व्हावी आणि खतावणींत तिच्या पानावर व्हावी. पासबुक बाईच्या घरीं राहावें. पुष्कळ ठिकाणीं सर्वांचीं पासबुकें सेक्रेटरीच्या घरीं एका पिशवींत असतात. विचारावें तर म्हणतात, बायका हरवतात. हरवूं द्या, दुसरें करून मिळेल. ज्या पासबुकावर सभासदाचा ताबा नाहीं तें पासबुकच नव्हे.

या गोष्टीचें मोल आपल्या वाडवडिलांना आपल्याहून अधिक कळत होतें. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतल्या सुप्याला दंगा झाला आणि तेथून तो दक्षिणेंतल्या गांवोगांव पसरला. लोकांनीं सावकारांच्या घरांत शिरून शोधलें तें सोनें नव्हे, तर खतें आणि कागद, आणि ते जाळले. कारण त्यांत काय लिहिलें आहे हें कुणब्याला वाचतां येत नव्हतें आणि कोणी वाचून दाखवीत नव्हतें. त्यानंतर १८७९ चा दक्षिणी शेतकऱ्यांचा कायदा आला. त्यांत शेतकरी ऋणकोला तीन हक्क मिळाले : दिलेल्या पैशाची लेखी पावती, वर्षाचा हिशेबउतारा, आणि मागेल तर पासबुक. जे हक्क सावकाराकडून मिळविण्यासाठीं आपल्या पूर्वजांना कायदा लागला, ते आपल्या घरच्या बायकांना त्यांच्या स्वतःच्याच मंडळांत आपोआप मिळावेत, एवढें मागणें जास्त नव्हे.

शिल्लक वाचण्याविषयीं. बैठकीच्या आरंभीं मागच्या बैठकीची अखेरची शिल्लक, आणि शेवटीं आजची आरंभीची शिल्लक, जमा, खर्च व अखेरची शिल्लक, हीं मोठ्यानें वाचावीं. मग पेटींतले पैसे सर्वांसमक्ष मोजावेत आणि आंकडा जुळल्यावर वहीवर दोघींच्या सह्या अथवा अंगठे घ्यावेत. ज्यांना अक्षर येत नाहीं त्यांना आंकडा लक्षांत ठेवतां येतो, आणि बहुधा आपल्याहून चांगला ठेवतां येतो. सातारा जिल्ह्यांत म्हसवडला १९९७ सालीं माणदेशी महिला सहकारी बँक निघाली. पहिल्या अर्जाच्या वेळीं रिझर्व्ह बँकेनें परवाना नाकारला होता. कारण प्रवर्तक बायकांपैकीं पुष्कळांचे कागदावर अंगठे होते. चेतना गाला सिन्हा यांच्या बरोबर त्या बायका पुन्हां गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, कोणत्याही रकमेचें व्याज विचारा, आम्ही तोंडीं सांगतों, तुमच्या लोकांनीं यंत्रावांचून सांगावें. परवाना मिळाला. अंगठा म्हणजे अडाणीपणा असें समजणाऱ्या कारकुनांत मीही वावरलों आहें, म्हणून ही हकीगत मुद्दाम लिहिली.

पेटी एकीच्या घरीं, किल्ली दुसरीच्या. रोकड ठेवावयाचीच झाली तर पुढच्या बैठकीपर्यंतच्या गरजेपुरती; बाकी बँकेंत. बँकेचे व्यवहार अध्यक्षा, सचिव व खजिनदार यांपैकीं दोघींच्या सहीनें होतात, हा नियम सर्वत्र आहे आणि सर्वत्र मोडला जातो. तालुक्याला जाण्याचा खर्च व मोडणारा रोज वाचावा म्हणून दुसरी बाई कोऱ्या स्लिपांवर आगाऊ सह्या करून देते. कोऱ्या कागदावरची सही काय करते हें सातबाऱ्याच्या धन्यांना मी सांगावें असें नाहीं. त्या बाईचा रोज बुडतो तो गटानें भरून द्यावा, एस. टी. चें भाडें द्यावें, आणि तें खर्चीं लिहावें. कोरी सही मात्र करूं नये, मग ती सख्ख्या जावेसाठीं का असेना.

वही लिहिणारीला मोबदला द्यावा हेंही येथेंच सांगतों. महिन्याला शंभर रुपये द्या, दोनशें द्या, परंतु द्या. फुकट लिहिणारी (आणि पुष्कळदां फुकट लिहिणारा, कारण सेक्रेटरीचा नवराच लिहीत असतो) कालांतरानें वहीची धनीण होते. तिला वही मागणें म्हणजे तिचा अपमान, अशी भावना गटांत उत्पन्न होते. मोबदला घेणारीला उद्यां वही आण म्हणतां येतें.

व्याजाच्या बाबतींत फार भोळेपणा चालतो. गट साधारणतः शेंकडा दोन रुपये दरमहा व्याज घेतात. समजा, एका बाईनें दहा हजार रुपये घेतले आणि दरमहा एक हजार मुद्दल याप्रमाणें दहा महिन्यांत फेडले. उरलेल्या मुद्दलावर व्याज धरलें तर पहिल्या महिन्यास दोनशें, दुसऱ्यास एकशें ऐंशी, असें उतरत उतरत दहाव्या महिन्यास वीस. एकंदर अकराशें रुपये. परंतु सोपें पडतें म्हणून कांहीं गट दर महिन्यास मूळ दहा हजारांवरच दोनशें धरतात. एकंदर दोन हजार होतात. दर तोच, बाई तीच, आणि नऊशें रुपयांचा फरक. गट म्हणेल, नफा गटाचाच, म्हणजे तिचाही. होय, पण बारा जणींच्या गटांत तिचा हिस्सा पंचाहत्तर रुपये. बाकीचे सव्वाआठशें तिनें गरजेपायीं शेजारणींना दिले. जी बाई अधिक वेळां अडते तीच अधिक भरते, आणि जिला कधीं कर्ज लागत नाहीं ती वर्षअखेर नफा घेते. व्याज नेहमीं उरलेल्या मुद्दलावरच घ्यावें, आणि तसा ठराव लिहून ठेवावा.

येथें एक सावधगिरी. हल्लीं आठवड्याच्या हप्त्यानें कर्ज देणाऱ्या कंपन्यांचे माणूस गांवांत येतात, पांच-दहा बायकांना एकत्र बसवितात आणि त्यालाही "गट" म्हणतात. हा बचत गट नव्हे. तेथें एकमेकींची हमी आहे, बचत नाहीं; व्याज कंपनीस जातें. गरजेला तें कर्ज घेऊंच नये असें मी म्हणत नाहीं, परंतु दोन्ही एका वहींत मिसळूं नयेत. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला असें कर्ज देतांना त्या कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मासिक हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होऊं नयेत, असा नियम रिझर्व्ह बँकेनें २०२२ सालीं केला आहे. तो घरांत ठाऊक असावा.

सभासदत्वाचा प्रश्न पैशाहून नाजूक आहे, आणि माझ्या मतें बहुतेक भांडणांचें मूळ तेथें आहे. गटांत दहा ते वीस बायका असाव्यात आणि एका घरांतून एकच असावी, असा दंडक आहे. वीसच कां, तर १९५६ च्या कंपनी कायद्यानें नोंदणीवांचून वीसांहून अधिक माणसांस मिळून नफ्याचा व्यवहार करण्याची मनाई होती. २०१३ च्या कायद्यानंतर ती मर्यादा नियमानें पन्नासांपर्यंत गेली, तरी गटाचा दंडक वीसांवरच राहिला, आणि तें ठीकच झालें. एका ओसरीवर बसून एकीचें बोलणें दुसरीला ऐकूं जाईल इतकीच संख्या असावी. एका घरांतून एक या नियमास सासू-सुनेच्या जोड्या फार बगल देतात. चूल वेगळी दाखवितात आणि कर्ज एकाच घरांत जातें.

जमिनीवरचा हक्क बदलला म्हणजे आम्ही फेरफार घालीत होतों. नोंद घ्यावयाची, हितसंबंधितांस नोटीस द्यावयाची, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहावयाची, मग मंडळ अधिकाऱ्यानें नोंद प्रमाणित करावयाची. फेरफाराचा नंबर सातबाऱ्यावर आला कीं पन्नास वर्षांनींही कोण केव्हां कसा आला तें सांपडतें. गटाच्या सभासद-वहींत मात्र पाहावें तर बारा नांवें एका शाईनें, त्यांतलीं दोन खोडलेलीं, खालीं तिसऱ्याच अक्षरांत एक नवीन. तारीख नाहीं, ठराव नाहीं. गटालाही आपला फेरफार हवा. कोण आली, कोणत्या बैठकीच्या ठरावानें, काय भरून. कोण गेली, कां गेली, काय घेऊन. नोंद वाचून दाखवावी, पुढच्या बैठकीपर्यंत हरकत ऐकावी, मग सही करावी.

नवी बाई काय भरून येणार, हें उदाहरणानें पाहूं. बारा जणींनीं दरमहा शंभराप्रमाणें तीन वर्षें भरलें. प्रत्येकीचे तीन हजार सहाशें, एकंदर त्रेचाळीस हजार दोनशें. खर्च वजा जातां व्याजाचे दहा हजार आठशें उरले आहेत. म्हणजे गटाची मत्ता चौपन्न हजार, आणि प्रत्येकीचा हिस्सा साडेचार हजार. आतां तेरावी बाई आली आणि मागची बचत म्हणून तीन हजार सहाशें भरून तिला बरोबरीची केली, तर प्रत्येकीच्या व्याजांतून तिला फुकट वाटा गेला. तिनें साडेचार हजार भरावेत. किंवा शंभरानें आरंभ करून तिचें खातें तारखेपासून निराळें चालवावें आणि नफा वांटतांना तिच्या बचतीच्या प्रमाणांत द्यावा. दोन्ही रीती न्याय्य आहेत. मात्र बाई आल्यावर हिशेब मांडीत बसणें न्याय्य नव्हे; कारण ती तेव्हां सरपंचाची सून असते किंवा विधवा असते, आणि हिशेब माणूस पाहून होऊं लागतो.

जाणारीचेंही तसेंच. लेक लग्न होऊन परगांवीं गेली, सून वेगळी झाली, घर शहरांत हललें, यांत कोणाचा अपराध नाहीं. तिचे साडेचार हजार, त्यांतून कर्ज राहिलें असल्यास तें वजा, एका महिन्यांत हातीं पडावेत. "गट सोडणारीला व्याज नाहीं" असा नियम कित्येक गटांनीं केला आहे. तो मला अन्यायाचा वाटतो. ज्या व्याजांत तिच्या पैशानें कमाई केली तें तिचें आहे. मरणाची गोष्ट बायका बोलत नाहींत, अशुभ मानतात. म्हणून वारसाचें नांव प्रवेशाच्या अर्जावरच लिहून घ्यावें, म्हणजे पुढें विचारण्याची पाळी येत नाहीं. मुलीचें नांव लिहिलें तर त्यास कोणी नाक मुरडूं नये. आणि काढून टाकावयाचें झालें तर? हप्ते थकले, बैठकींना येत नाहीं, तर आधीं लेखी सूचना, मग तिचें म्हणणें ऐकणें, मग हजर बायकांच्या बहुमताचा ठराव. भावकीच्या भांडणावरून किंवा जातीवरून कोणाला वगळलें जातें तेव्हां ठरावांत कारण लिहितां येत नाहीं. लिहावयास लावलें कीं तो ठराव बहुधा होतच नाहीं.

कामावर सभासदत्व कसें उभारतां येतें याचा नमुना मुंबईच्या लिज्जत पापडाचा. १९५९ च्या मार्चांत गिरगांवांत सात बायकांनीं ऐंशी रुपये उसने घेऊन आरंभ केला. तेथें जी पापड लाटते ती बहीण, जी बहीण ती मालकीण. सकाळीं भिजवलेलें पीठ घेऊन जावयाचें, लाटून वाळवून परत द्यावयाचे, आणि लाटणावळ तेथेंच चुकती. हिशेब रोजच्या रोज मिटतो म्हणून हजारों बायकांत तो निभतो.

आतां आपल्याविषयीं, म्हणजे घरधन्यांविषयीं. मृगाच्या तोंडावर बियाणें-खतांचा पैसा उभा करावयाचा असतो, सोसायटीचें कर्ज वेळेवर हातीं येत नाहीं, आणि घरच्या बाईच्या गटांत पन्नास हजार आहेत हें ठाऊक असतें. मग बाई गटांत "शेळी घेण्यासाठीं" म्हणून कर्ज मागते आणि सोयाबीनची पिशवी येते. शेतीसाठीं गटाचें कर्ज घेऊंच नये असें म्हणणारे मला ढोंगी वाटतात. संसार एकच आहे. परंतु दोन गोष्टी पाळाव्यात. कारण खरें लिहावें, कारण परतफेडीचा हप्ता त्यावर बसवावयाचा असतो. शेळीचा हप्ता महिन्याचा, सोयाबीनचा दिवाळीनंतरचा. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मे-जून महिन्यांत गटाची निम्म्याहून अधिक रक्कम पिकासाठीं देऊं नये, असा ठराव असावा. बाराही जणींचा पैसा एकाच पावसाच्या भरंवशावर टाकला, आणि पाऊस उघडला, तर बाराही हप्ते एकाच महिन्यांत थकतात. गट ही एकीच्या अडीला बाकीच्यांनीं धांवण्याची सोय आहे. सगळ्या एकदमच अडल्या तर धांवणार कोण? दळण, शिवण, दूध, किराणा यांत कांहीं पैसा फिरत राहिला तर दुष्काळाच्या वर्षींही पेटींत दर बैठकीस कांहीं पडतें.

नवऱ्यानें बैठकींत बसूं नये, आणि बायकोच्या मार्फत कर्जाचा आंकडा ठरवूं नये. वर "हातांतली नसावी" म्हटलें तें याकरितां. पासबुक मात्र अवश्य पाहावें, हप्त्याच्या तारखेची आठवण ठेवावी, आणि तो आपल्यापायीं असेल तर आपण भरावा. पुष्कळ घरांत पिकाचें कर्ज धनी खर्चतो आणि तें फेडण्यासाठीं बाई दुसऱ्याच्या खुरपणीला जाते. हें चव्हाट्यावर बोललें जात नाहीं, पण वहींत हप्त्याच्या तारखा पाहिल्या कीं दिसतें. सातबाऱ्यावर बाईचें नांव बहुधा नसतें. शेतकरी संघटनेच्या १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर शरद जोशी यांनीं लक्ष्मीमुक्तीची हांक दिली आणि कांहीं गांवांनीं ती ऐकली, तरी सर्वत्र ऐकली गेली असें नाहीं. ज्या बाईच्या नांवावर गुंठाभर जमीन नाहीं तिची पत म्हणजे गटांतलें तिचें पान. तें आपल्यामुळें थकबाकीचें होऊं नये.

निवडणुकीच्या दिवसांत मंडळांना साड्या, कुकर, सतरंज्या मिळतात, हें एक जातां जातां लिहितों. आल्या तर आल्या. पण जड वस्तूंची नोंदवही ठेवून त्यांत लिहाव्यात आणि त्या मंडळाच्या कीं व्यक्तीच्या हें त्याच दिवशीं ठरवावें. सतरंजीवरून मोडलेलीं मंडळें मला ठाऊक आहेत.

नोंदलेल्या महिला मंडळांचें दुखणें थोडक्यांत सांगतों. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं उत्साहानें नोंदणी झाली, पहिल्या कार्यकारिणीचीं नांवें धर्मादाय कार्यालयांत लागलीं, आणि पुढें किती निवडणुका झाल्या तरी तेथें कळविलेंच नाहीं. कायद्यानें बदल झाल्यापासून नव्वद दिवसांच्या आंत बदल अर्ज द्यावा लागतो. तो न दिल्यामुळें कागदोपत्रीं अध्यक्षा अजून तीच, जी दहा वर्षांपूर्वीं वारली. बँक नव्या सह्या घेत नाहीं, आणि मंडळाची जागा कोणाच्या ताब्यांत यावर दोन तट पडतात. वार्षिक हिशेबतपासणीचें तसेंच. चार वर्षांची एकदम करूं म्हणून राहते. जुन्या सदस्या हयात आहेत, त्यांच्या सह्या मिळण्याजोग्या आहेत, तोंवर हे बदल अर्ज घालून घ्यावेत. सह्या मिळेनाशा झाल्यावर वकिलाची फी मंडळाच्या शिलकेहून मोठी होते.

आपल्या संघानें या कामीं एक गोष्ट करावी अशी माझी सूचना आहे. सभासद-वहीचा एक नमुना छापून शाखांमार्फत गांवोगांवच्या गटांस लागत किंमतीनें द्यावा. त्यांत रकाने असे असावेत : अनुक्रम, सभासदाचें नांव व वय, प्रवेशाची तारीख, ठराव नंबर, प्रवेशाच्या वेळीं भरलेली रक्कम, वारसाचें नांव व नातें, सोडल्याची तारीख व कारण, सोडतांना दिलेली रक्कम, सभासदाची सही अथवा अंगठा. पतीच्या नांवाचा निराळा रकाना ठेवूं नये. मुद्रकानें संवयीनें घातला तर संघानें तो छाटावा.